बोडीवरचा तवंग

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा तिच्या जेवणाचं मी आठवडाभराचं ठरवून ठेवलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मले फक्त आपल्या बोडीतले झिंगे पाहिजेत."

बोडी म्हणजे आमच्या धानाच्या शेतातलं लहान तळं. उन्हाळी धानाला तिथूनच इंजिनानं पाणी देतो. नेमकं त्याच आठवड्यात डिझेल भरताना कॅन कलंडला आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरला. मी धाकट्या दिराला म्हटलं, "वाऱ्यानं तेल काठाला येईल. तिथं धानाची वाळलेली तणीस टाका, तेल पिऊन भिजली की ओढून काढू." काम सावकाशीचं होतं, पण होण्यासारखं.

दिराला धीर नव्हता. पुतणीचे डोहाळे अपुरे राहायला नकोत, म्हणून त्यानं कपड्यांची पावडर बादलीत कालवली आणि तवंगावर शिंपडून काठीनं ढवळलं. मग मला बोलावून दाखवलं.

"पाहा वहिनी, आरशावानी झालं! कायले पाहिजे तुमच्या तणसीचा पसारा?"

तवंग खरंच दिसत नव्हता. मलाही बरं वाटलं.

काही दिवसांनी त्यानं टोपलीभर झिंगे धरले. निम्मे वाटेत शेजारी दिले, उरलेले माझ्या हाती. फोडणीत टाकले आणि घरभर डिझेलचा वास सुटला. चांगले चोळून धुतले होते, म्हणजे वास आतूनच येत होता.

"मसाल्यानं जाईल न," दीर म्हणाला.

"काका, हे खाऊन मी ट्रॅक्टरसारखी चालू होईन," लेक हसली. मी मात्र झिंग्यांचा गंज चुलीवरून खाली उतरवला आणि मत्स्य विभागात फोन लावला.

तिकडच्या साहेबांनी नीट समजावलं. तेल वर होतं तोवर काढता आलं असतं. पावडरीनं त्याचे बारीक थेंब झाले आणि ते पाण्यात मिसळले. ते पाण्यातल्या किड्यांच्या पोटात गेले, किडे झिंग्यांच्या. "आता खाऊ नका. आणि पुढं वास गेला म्हणजे डिझेल गेलं, असंही समजू नका."

मग कधी खायचे? ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाले. माझ्या आखणीत न बसणारं उत्तर होतं. पाणी साफ करायचं म्हणून आम्ही तेल फक्त नजरेआड केलं होतं, आणि ते निघालं होतं लेकीच्या ताटाकडे.

मी फोनवरचं सांगत असताना दीर खाली मान घालून ऐकत होता. एकदम उठला. "शेजारी लहान लेकरं हायेत," म्हणाला आणि चप्पल न घालताच गेला.

कुडाच्या पलीकडून शेजारीणबाईंचा आवाज आला. "काहून भाऊ, दिलेलं परत नेऊन राहिले? एवढे कंजूस कधीपासून झाले?"

"चिमटीभरही खाऊ नका. लेकरांले तर देऊच नका," दीर म्हणाला. "मी खराब केले ते."

मी लेकीसाठी वरणाची डाळ धुवायला घेतली.