हात ऐकेना, बाई थांबेनात

म्हैसूर हे शांत, सुस्वभावी माणसांचं शहर आहे असं जे म्हणतात, ते आमच्या घरमालकीणबाईंच्या माडीवर कधी भाड्याने राहिलेले नाहीत. आम्ही राहिलो. नोकरीसाठी साताऱ्याहून आलो तेव्हा दलालाने एवढंच सांगितलं होतं, की मालकीण मराठी आहे, एकटी आहे आणि 'थोडी कडक' आहे. थोडी! बाई सकाळी रागावून उठत आणि रात्री रागावून झोपत. मधल्या वेळात त्यांचा राग वेगवेगळ्या कामांना जाऊन येई. पाणचट कॉफीचा त्यांना राग. दसऱ्याच्या रोषणाईत झाडांच्या गळ्यात तारा आवळतात, त्याचा राग. आमचा कुकर तिसरी शिट्टी देई तेव्हा खालून आवाज येई, "डाळ शिजवताय का दगड?" दिवाळीत माझ्या बायकोने चकल्या दिल्या, तर दुसऱ्या दिवशी डबा रिकामा परत आला, वर निरोप : "तेल फार झालंय. रविवारी खाली ये, शिकवते." रविवारी बायको दुपारभर शिव्या खात बसली आणि संध्याकाळी आयुष्यातल्या सर्वोत्तम चकल्या घेऊन वर आली.

त्यांचं घराणं म्हैसुरात इतक्या पिढ्यांपासून, की मूळ गाव कुठलं ते कोणालाच सांगता येत नसे. त्यांच्या मराठीत दर चार शब्दांमागे एक कानडी शब्द यायचा आणि राग चढला की मराठी साफ गळून पडायची. राग उतरत नसल्यामुळे आम्ही कानडी लवकर शिकलो.

बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. शेजारपाजारच्यांना वाटे, ऑक्युपेशन म्हणजे नोकरी, तेव्हा बाई नोकऱ्या लावून देत असणार. त्यामुळे बेकार भाच्यांना घेऊन लोक दारात येत आणि ओरडा खाऊन जात. खरं काम वेगळं होतं. मेंदूला मार लागला किंवा मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, की काही माणसांचं विचित्र होतं. हातात जोर असतो, डोळ्यांना दिसतं, सांगितलेलं कळतं. पण हाताला काम कसं करायचं तेच सुचत नाही. ब्रश उलटा धरतात, चमचा कपाळाकडे नेतात. बाई म्हणत, "हाताचा धडा पुसला गेला." असा धडा पुसला गेलाय का, हे ओळखायच्या चाचण्या साध्या असतात. हवेत खिळा ठोकून दाखवा. सॅल्यूट करा. मी हनुवटीखाली मूठ धरते तशी धरा. मोठ्या रुग्णालयात बाईंनी नोकरीभर हेच केलं आणि निवृत्तीनंतर, रुग्णालय हाताशी नसल्यामुळे, समोर येईल त्याच्यावर करू लागल्या. गॅसची टाकी आणणाऱ्याने त्यांच्या अंगणात हवेत खिळे ठोकलेत. आमचे एक साहेब जेवायला आले होते. त्यांचं बोलणं जरा अडखळतं असं बाईंना जिन्यातच वाटलं. त्यांनी साहेबांना थांबवलं आणि म्हणाल्या, "केस विंचरून दाखवा." साहेबांच्या डोक्यावर एक केस नव्हता. ते लालबुंद झाले. मी मधे पडलो तर माझ्यावरच कडाडल्या, "टक्कल पडलं म्हणून कंगवा कसा धरतात ते माणूस विसरतो काय रे?" माझी पगारवाढ त्या वर्षी का अडली, हे मी कोणाला विचारलं नाही.

पण ज्या रागापुढे बाकीचे राग पोरकट वाटावेत, तो मी एकदाच पाहिला. आणि त्या वेळी मीही त्यांच्याबरोबर रागावलो होतो.

देवराज मोहल्ल्यात त्यांचा ठरलेला शिंपी होता, जुन्या मराठी घरातला. बाई त्याला मास्तर म्हणत, तो बाईंना अक्का. मास्तरांनी दिलेली तारीख कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी मात्र लग्नसराई उलटून गेली तरी बाईंचे ब्लाऊज येईनात, फोन कोणी उचलेना. एका सकाळी बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि मास्तरांना काय काय सुनवायचं त्याची तालीम वाटभर माझ्या कानात झाली.

दुकानात मास्तर नव्हते. मुलगा होता, तयार कपड्यांचे गठ्ठे फोडत. म्हणाला, "अप्पांच्या डोक्यात गुठळी झाली होती. आता बरे आहेत. पण काम करत नाहीत."

"बरे आहेत तर काम का करत नाहीत?"

"ढोंग, अक्का!" तो एकदम भडकला. "डॉक्टर म्हणाले ताकद पूर्ण आलीय. मी दुकानात रेडीमेड ठेवलं ते त्यांना नको होतं. म्हणून हा सत्याग्रह. कात्री दिली की काठीसारखी धरतात. शर्टाच्या बाहीत पाय घालतात. अम्मा घास भरवते, तर खातात मुकाट्याने. मुद्दाम!"

बाई सरळ पडदा सारून मागच्या घरात शिरल्या. मास्तर खिडकीपाशी बसले होते आणि बायको त्यांना इडली भरवत होती. मास्तरांनी आम्हाला पाहून तोंड फिरवलं. लाज वाटली असावी. बाई समोर स्टूल ओढून बसल्या. "मास्तर, सॅल्यूट करा."

मास्तरांचा हात उठला. खांद्यापर्यंत गेला, तिथे थबकला, तळवा फिरला, मग बोटं कानामागे चाचपडू लागली. दुसरा हात, तीच गत. "कात्रीने कापड कापताना बोटं कशी चालतात, दाखवा." ज्या माणसाने सारा जन्म कात्री चालवली, तो आपल्या मुठीकडे परक्याच्या मुठीकडे बघावं तसा बघत राहिला.

"हात ऐकत नाही, अक्का," ते हळू म्हणाले. शब्द शोधून शोधून येत होते. "काय करायचं ते मला कळतंय. हाताला कळत नाही."

"मग हे घरात सांगितलं का नाही?"

मास्तरांनी पडद्याकडे बघितलं. "मुलगा म्हणतो, ढोंग. मला वाटतं, वेड लागलंय. दोघांत ढोंग बरं. म्हणून सुम्मने बसतो. गप्प."

त्यांच्या बायकोच्या हातातली इडली वाटीत पडली. मास्तर रडायला लागले आणि रडता रडता त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढून नीट घडी करून डोळे पुसले, नाक पुसलं. बाई स्टुलावरून उठल्याच. "नोडी! बघा, बघा! कोणी सांगितलं नाही तेव्हा हाताने बरोबर केलं की नाही? सांगून करायला गेलं की अडतं. हे वेड नव्हे, ढोंगही नव्हे. मेंदूला जिथे इजा झालीय, तिथला हा आजार आहे. नाव आहे याला, उपाय आहे. आणि रडू नका!" शेवटचं वाक्य इतक्या जोरात होतं, की मुलगा पडद्याशी येऊन उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं. बाईंनी त्याच्याकडे फक्त बघितलं. त्या बघण्यापेक्षा त्याला थोबाडीत परवडली असती.

पुढच्या तपासणीला आम्ही सगळेच गेलो. कुठल्या रुग्णालयात ते सोडा. कुठल्याही जाऊन बघा. तरुण डॉक्टरांनी मास्तरांच्या हातात दोन बोटं दिली. "जोरात दाबा. छान! एकदम छान." आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाईंनी पर्समधून स्वतःचा कंगवा काढून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो गालावर टेकवला, ओठांवरून फिरवला आणि ओशाळून खाली ठेवला. डॉक्टर गोड हसले. "वयामुळे होतं असं, मॅडम."

"वयामुळे?" बाई उभ्या राहिल्या. "मी यांच्याहून मोठी आहे. मी कंगवा चावते काय? यांना तुम्ही घरी सोडलंत. घरात गॅस आहे, विळी आहे, उकळतं पाणी आहे. सोडताना एकदा विचारलंत, की बाबा, दात कसे घासतोस ते दाखव? हात किती जोरात दाबतो ते बघितलंत. त्या जोराचं करायचं काय ते त्या हाताला आठवतंय का, ते कोण बघणार? मुलगा बापाला ढोंगी म्हणत होता तुमच्या त्या 'छान'पायी!"

आवाज ऐकून आतून मोठे डॉक्टर आले. त्यांनी बाईंना ओळखलं, नमस्कार केला. म्हणाले, "बाहेरची गर्दी बघा. हे सगळं प्रत्येकाचं तपासायला वेळ कुठे आहे?"

"कॉफी निवायला लागतो तेवढा वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "ती निवेपर्यंत थांबताच की तुम्ही!"

मला राग आला तो त्या दोघांच्या गोडव्याचा. त्यांत दुष्ट कोणी नव्हतं. दुष्ट माणूस सापडला असता तर निदान भांडता आलं असतं. इथे सगळे सभ्य होते, थकलेले होते, नमस्कार करत होते. आणि एक माणूस त्यांच्या सभ्यपणाच्या फटीतून खाली पडला होता. पुढे त्या रुग्णालयात काही बदललं का? बाईंना लांबून येताना पाहिलं की तिथली माणसं दुसऱ्या जिन्याने जाऊ लागली, एवढाच बदल माझ्या कानावर आला.

मग बाई रोज दुपारी मास्तरांच्या घरी जाऊ लागल्या. आधी फक्त कॉफीचा पेला. रोज तीच जागा, तोच पेला, तोच क्रम; मास्तरांच्या हातावर आपला हात ठेवून, चुकूच न देता. "अप्पा, आठवा ना," असं मुलगा एकदा कळवळून म्हणाला, तर त्याला बाहेर हाकलला. "आठवून होत नाही हे! हाताला वाट पाडून द्यावी लागते." पेला जमला, तर ब्रशाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, कारण एकीकडे शिकलेलं दुसरीकडे कामाला येत नाही. बाई मास्तरांवर ओरडत, त्यांच्या बायकोवर ओरडत, शर्टाच्या बटणांवर ओरडत. मी न्यायला जाई तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कळे, आज कुठलं बटण चाललंय ते. हळूहळू मास्तर स्वतः जेवू लागले. शर्ट घालू लागले. पंचा नेसू लागले.

कात्री मात्र परत आली नाही. बाईंनी हट्टाने प्रयत्न केला. एका दुपारी मास्तरांनी जुन्या वर्तमानपत्रावर कात्री चालवली. ती वाकडी गेली, अडली, कागद फाटला. त्यांनी ती आपणहून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "साकु, अक्का. पुरे. एवढं मिळालं ते पुष्कळ." मी श्वास रोखून बाईंच्या ओरडण्याची वाट पाहिली. बाईंनी कात्री उचलून कपाटात ठेवली आणि मास्तरांच्या बायकोला कॉफी करायला सांगितली. मुलाने मग दुकानाच्या दर्शनी भागात वडिलांसाठी खुर्ची ठेवली. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की मास्तर बसल्या जागेवरून सांगत, "खांदा उतरता आहे, सांभाळ." मुलगा सांभाळी.

आता आम्ही म्हैसूरच्याच कडेला, हूटगळ्ळीला, स्वतःच्या घरात राहतो. नवी वसाहत आहे, सगळे पगारदार, सगळे गोड बोलतात. कुकरच्या कितीही शिट्ट्या होवोत, कोणी काही म्हणत नाही. परवा समोरच्या घरातले निवृत्त शिक्षक डोक्याचं ऑपरेशन होऊन घरी आले. मी भेटून आलो. त्यांची सून हसत हसत म्हणाली, "तब्येत छान आहे. फक्त जरा हट्टी झालेत. चहाचा कप हातात दिला की उलटाच धरतात."

घरी येऊन मी बाईंना फोन लावला. पुष्कळ दिवसांनी लावत होतो. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की आधी मला वाटलं, चुकीचा नंबर लागला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "बाई, गाडी घेऊन येतो. तुम्ही एकदा बघा ना त्यांना."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला आता अंगणापर्यंतही चालवत नाही रे," त्या म्हणाल्या. "आणि ओरडवतही नाही. थोडं ओरडलं की धाप लागते." मग म्हणाल्या, "तुला सगळं माहीत आहे. तू जा. आणि हळू बोलू नको. हळू बोललेलं कोणी ऐकत नाही."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला होता. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, कोणाचा फोन म्हणून. मी चपला घातल्या आणि समोरच्या घराचं फाटक उघडलं.