वाफारा, विहीर आणि विष्णुपंतांचं तेज

ऐकणारच असाल, तर चहाची बशी आधी खाली ठेवा. मध्येच ठसका लागला तर दोष मला नको. प्रत्यक्ष देवाच्या दारात माझी जी शोभा झाली, तशी वैऱ्याचीही न होवो!

वैरी म्हणाल, तर त्या काळी मला एकच होता. विष्णुपंत, गावातले दुसरे कीर्तनकार.

आमच्या तेरच्या सप्ताहात काल्याचं, म्हणजे अखेरच्या दिवसाचं मानाचं कीर्तन वर्षानुवर्षं माझ्याकडे असे. पुढे निजामाचं राज्य गेलं, गावात एसटी आली, आणि त्याच एसटीनं सोलापूरला जाऊन विष्णुपंत एक निराळंच शास्त्र शिकून आले.

"आधी अंगाला वाफारा, मग गार पाण्यात बुडी, मग निवांत पडून राहायचं. पुन्हा वाफारा, पुन्हा बुडी. करून बघा बुवा, जीव फुलासारखा हलका होतो!" असं त्यांनीच मला मोठ्या प्रेमानं सांगितलं.

महिनाभरात त्यांचा चेहरा चिंचेनं घासलेल्या ताम्हनासारखा झळकू लागला. लोक म्हणत, "काय तेज आलंय! नामाचं बळ, दुसरं काय!"

नामाचं बळ? आणि मी जन्मभर काय पाढे म्हणत होतो? मत्सर हा सहावा रिपू, हे मी कीर्तनात शंभरदा सांगितलं असेल. पण व्यासपीठावरून सांगणं वेगळं, आणि त्याला उशाशी घेऊन निजणं वेगळं!

त्यातच पाटील म्हणाले, "बुवा, औंदा सहाव्या दिवसाचं तुमचं ऐकू. मग काल्याचं कुणाला द्यायचं ते ठरवू."

झालं! सप्ताह बसला, त्याच दिवसापासून मी परसात गुपचूप साधना आरंभली. बाजेखाली निरगुडीच्या पाल्याचं उकळतं पातेलं, बाजेवर मी, माझ्यावर घोंगडी. उकडलेल्या रताळ्यासारखा झालो, की धावत विहिरीत उडी! माघाची थंडी, पाण्यात पडताच मुखातून देवाचं नाव निघे, ते भक्तीनं नव्हे.

"अहो, आता जरा पडा," आमच्या सौभाग्यवती म्हणत.

"दिवसा पडून राहणं हा तमोगुण! ती पायरी सुखासीनांना. मी तिच्या जागी आणखी एक वाफारा घेईन."

"घ्या बापडे. तेज यायचं तेव्हा येईल. तोवर डोळे तेवढे उघडे ठेवा."

सहाव्या दिवशी दुपारी कीर्तनाला उभा राहिलो. मंडप भरलेला. पूर्वरंग उत्तम वठला. नामघोष सुरू झाला, तसे मी विठ्ठलासारखे कटीवर हात ठेवले, मागच्या खांबाला किंचित टेकलो, आणि क्षणभर डोळे मिटले.

क्षणभरच हो!

टाळ थांबले, तरी मी हललो नाही. टाळकऱ्यांत कुजबुज झाली, "शू! समाधी लागली बुवांना!"

मग काय विचारता! कुणी हार घातला, कुणी निरांजन ओवाळलं. पायांना काहीतरी ओलसर लागलं, म्हणून मला जाग आली. ते विष्णुपंतांचे अश्रू होते! माझ्या पायांवर डोकं ठेवून ते म्हणत होते, "आम्ही नुसती कातडी उजळली. खरं साधलं ते यांनाच!"

पाटील गहिवरले. "काल्याचं कीर्तन बुवांचंच!"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठला माणूस डोळे उघडेल? त्या सुखापुढे वैकुंठ फिकं. ते सुख नीट चाखावं म्हणून मी डोळे आणखी घट्ट मिटले... आणि घात झाला. पुन्हा झोप लागली, आणि या खेपेस आवाजासकट! पुढचं सारं मला नंतर कळलं.

एक म्हातारी हात जोडून ओरडली, "ऐका गं बायांनो, ओंकार निघतुया!"

तेवढ्यात बायकांतून आमच्या सौभाग्यवती उभ्या राहिल्या. "कसला ओंकार, आत्याबाई? हा तर आमच्या घरी रोज रात्री निघतो! पाच दिवस वाफेत अन् विहिरीत काढलेत यांनी. निजू द्या आता."

मंडप हसून लोळला. विष्णुपंतांनी मात्र चौघांच्या मदतीनं मला वीणेमागच्या सतरंजीवर निजवलं, अंगावर स्वतःची शाल घातली आणि म्हणाले, "झोप पुरी झाली की काल्याचं तेच करतील."

जागा झालो, तेव्हा तोंडावर दही पडत होतं. सकाळ होऊन काल्याची हंडी फुटली होती!

"कीर्तन?" मी दही पुशीत विचारलं.

"झालं की! विष्णुपंतांनी दोनदा हलवलं तुम्हाला, पर तुमी कुठं उठताय? मग त्यांनीच केलं," पाटील म्हणाले. "लई रंगलं बघा. व्हय, अन् त्यांच्या मागं सबंध वेळ साथ तुमचीच व्हती, बुवा. एकदाबी ताल चुकला न्हाय!"