खिडकीसमोरून दोनदा

भौतिकशास्त्राच्या बाईंना मुलं पाठीमागे 'वजाबाई' म्हणत, कारण कुणाचं वजाचं चिन्ह चुकलं की त्यांच्या नाकावरचा राग थेट हातात उतरे आणि खडूचे दोन तुकडे होत.

त्या दिवशी मात्र राग मुलांवर नव्हता. परीक्षेत त्यांनीच विचारलं होतं, की सेकंदाला पंधरा मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू दहा मीटर उंचीवर कधी असेल? वर्गसमीकरणाचं सूत्र लावलं की दोन उत्तरं येतात: वर जाताना एक सेकंद, खाली येताना दोन. मुख्याध्यापकांनी आदर्श उत्तरात पहिलंच ठेवलं आणि दोन्ही लिहिणाऱ्या मुलीचे गुण कापले.

"एका प्रश्नाला एकच उत्तर असतं, बाई. उगाच फाटे फोडू नका."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमची खिडकी दहा मीटरवरच आहे ना? मग बसा तिथेच आणि मोजा!"

तरातरा तीन जिने उतरून त्या मैदानात आल्या, बाह्या सरसावल्या आणि जीव खाऊन चेंडू वर भिरकावला. तो खिडकीशी पोहोचताच मुख्याध्यापकांनी हात बाहेर काढून अलगद झेलला.

"बघा, एकदाच आला!" ते हसले.

सगळ्या वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात बाई कडाडल्या, "मग आदर्श उत्तरात तेही छापा, सर! चेंडू खाली येत नाही, कारण वर तुम्ही बसलाय!"