हात न पाहणाऱ्या बाई

"आडनाव काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हे पाहणं मी गावापासून ओळखतो.

परदेशात, बुकित बातोकच्या पुढं, बाहेरून कुलूप लागणारं ते मनोरुग्णांचं केंद्र. विद्यापीठात संशोधन करताना माझं डोकं बिघडलं, म्हणून मला तिथं ठेवलेलं. बाई पुण्याच्या, इथं बँकेत मोठ्या हुद्द्यावर. महिन्यातून एकदा, सरकारनं नेमलेल्या मानद निरीक्षक म्हणून, पाहणीला यायच्या. आत कोंडलेल्यांना उपचार मिळतात का, हे विचारायचं त्यांचं काम. त्यांनी मराठीत "कसे आहात?" म्हटलं, तेव्हा मला रडूच आलं होतं. वाटलं, आपलं माणूस आलं. माझाच गाढवपणा.

"इथवर कोट्यातून आलात का?" बाई म्हणाल्या. "झेपत नाही, मग असं होतं."

मी हात पुढे केले. थरथरत होते. गोळी वाढवल्यापासून चमचा धरवत नव्हता. डॉक्टर सात आठवडे फिरकले नव्हते. दर गुरुवारी आम्हाला हॉलमध्ये बसवून व्हिडिओ लावायचे. कागदावर तेच समुपदेशन.

बाईंनी हात पाहिलेच नाहीत. शेजारी उभ्या नर्सला विचारलं.

"पेशंट ओके लाह, मॅडम. ईट वेल, स्लीप वेल," नर्स इथल्या इंग्रजीत म्हणाली.

बाईंनी 'तक्रार नाही'वर खूण केली. कागद माझ्याकडे सरकवला. सही करा.

सही म्हणजे आणखी महिनाभर तीच गोळी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आधी नर्सला बाहेर पाठवा," मी म्हणालो. "मग विचारा. आडनाव सोडून."

"बघा, किती चिडताय. हेच तर आजाराचं लक्षण."

नर्स जागची हलली नाही. मी पेन घेतलं. सहीच्या जागी इंग्रजीत लिहिलं, 'सात आठवडे डॉक्टर आलेले नाहीत.' अक्षरं वेडीवाकडी आली, पण मी वाक्य पुरं केलं.

तो कागद वर पोचला की बाईंनी दुसरा भरला, मला माहीत नाही. डॉक्टर मात्र चौथ्या दिवशी आले. गोळी कमी झाली.

आता मी बरा होऊन बाहेर, वुडलँड्सला राहतो. अशाच दुसऱ्या एका केंद्रात आता मीच मानद निरीक्षक म्हणून पाहणीला जातो. इस्त्रीच्या चादरी, भरलेले तक्ते दिसले की मनात पाल चुकचुकते. आधी स्टाफला बाहेर काढतो. दार लावतो. आडनाव विचारत नाही. समोरचा "सगळं ठीक आहे" म्हणाला, तरी त्यावर जात नाही.

"हात दाखवा," म्हणतो. हात पाहिल्याशिवाय माझ्या पेनातून 'तक्रार नाही' उतरणार नाही.