कातरणातलं गाढव

डिंककाकांनी आयुष्यात पुस्तकं पुष्कळ कापली, पण पुस्तकातून गोष्टच कापून काढायची ही त्यांची पहिली वेळ.

शुक्रवारी सकाळी वाचनालयाच्या बालविभागात बाईंनी बांधणीहून आलेला चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला. वरचं पुस्तक उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चष्मा काढून पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता. चित्रातला बेडूक चिखलात उभा राहून तोंड फाडून ओरडत होता, पण तो काय ओरडतोय हे सांगणारी ओळ खाली नव्हतीच. दुसरं पुस्तक उघडलं तर बदक मुकं. तिसऱ्यात अस्वलाची वाचा बसलेली.

"काका, अक्षरं कुठं गेली?"

"कसली अक्षरं?" डिंककाका दाराशी कौतुकाची वाट बघत उभे होते. "आधी कडा बघा की. बोट फिरवून बघा. आरसा आहे, आरसा!"

बाईंनी बोट फिरवलं. कडा खरंच आरशासारखी होती. त्या आरशात बाईंना उद्याचा शनिवार दिसला आणि त्या मटकन पोरांच्या स्टुलावर बसल्या.

झालं होतं ते असं. जुनं पुस्तक नव्याने शिवलं की त्याच्या तीन बाजू यंत्राखाली धरून कापून सारख्या करायच्या, हा बांधणीतला शेवटचा आणि डिंककाकांचा सगळ्यात लाडका भाग. मोठ्यांच्या पुस्तकाला चारी बाजूंनी ऐसपैस समास असतो. त्यातला थोडा गेला तरी कुणी रडत नाही. चित्रांच्या पुस्तकाचं तसं नसतं. चित्र पानभर हातपाय पसरून झोपलेलं असतं आणि अक्षरं बिचारी पार खाली, दाराबाहेर काढलेल्या चपलांसारखी एका ओळीत. काकांनी घर असं लख्ख झाडलं की चपला उकिरड्यावर.

वाचनालयाच्या जिन्याखालच्या खोलीत हा माणूस मिसरूड फुटल्यापासून बसत आला होता. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पोरांनी ठेवलेलं 'डिंककाका' मात्र असं घट्ट बसलं की बायकोसुद्धा वैतागली की "अहो डिंक!" म्हणून हाक मारायची. बोटांवर खळीचे पापुद्रे, खिशात पेनाच्या जागी दाभण, कानावर दोऱ्याचं टोक. पुस्तकाचं बाहेरून त्यांना सगळं कळायचं. पान दुमडणारा कोण, जेवता जेवता वाचणारा कोण, शेवटचं पान आधी वाचून पुस्तक परत करणारा लबाड कोण, हे ते नुसत्या पुठ्ठ्यावर हात फिरवून सांगत. आत मात्र कधी डोकावले नाहीत. "शिंपी काय लोकांच्या खिशात हात घालतो?" असं उलट विचारायचे. अक्षरं येत होती, पण ती त्यांनी विजेच्या बिलापुरती राखून ठेवली होती.

बाईंच्या बालविभागाबद्दल तर त्यांचं मत पक्कं होतं. ज्यांना धड नाक पुसता येत नाही अशी पोरं दर शनिवारी गोल करून बसवायची, तेच तेच पुस्तक पुन्हा वाचायचं, वाचताना ओळीखालून बोट फिरवायचं आणि ऐन रंगात येऊन थांबायचं, की "सांगा, आता काय होईल?"

"बाई, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पुस्तकं दाखवून उपयोग काय?" काका विचारायचे.

"ज्याला बोलता येत नाही त्या तान्ह्याशी आपण बोलतोच ना, काका?"

काका विषय बदलायचे, "फाडतात फार."

हेच मत, जरा कडक इस्त्रीच्या कपड्यांत, वाचनालयाच्या अध्यक्षांचं होतं. त्यांना ती खोली परीक्षांच्या अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी हवी होती. अभ्यासाच्या खोलीत कुणी हसत नाही आणि टेबलं एका रांगेत लागतात. "चित्रं बघायला वाचनालय कशाला? कॅलेंडर घ्या," असं ते भर सभेत म्हणाले होते. शनिवारी ते स्वतः येऊन बघणार होते. पोरं वाचनाच्या आसपास जरी फिरकताना दिसली तर खोली राहील. नाहीतर सोमवारी कुलूप, मंगळवारी टेबलं. म्हणून तर बाईंनी फाटकी पुस्तकं जरा टापटीप करायला काकांकडे दिली होती.

"उद्या साहेब पुस्तक उघडणार, आणि आत एक अक्षर नाही," बाई म्हणाल्या. "इथे मुलं वाचायला शिकतात हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

डिंककाका जन्मात पहिल्यांदा कडा विसरले. दाभण खिशातून काढलं, परत ठेवलं.

"कातरण अजून टाकलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "घरी नेलंय."

"मग उभे काय राहिलात?"

काका गठ्ठा उचलून घरी आले तेव्हा काकू भांडी लावत होत्या.

"अगं, कागदाच्या पट्ट्यांचं पोतं कुठाय?"

"कोपऱ्यात. त्यातलं थोडंसं लेकीकडे गेलं."

"लेकीला कातरण कशाला?"

"लेकीला कपबश्या. कपबश्यांना कातरण. काल जावई आले होते, खोकं घेऊन गेले. काचेचं सामान काय तुमच्या प्रेमात गुंडाळून पाठवू?"

काकांनी उरलेलं पोतं जमिनीवर पालथं केलं. कोऱ्या पट्ट्या एकीकडे, छापलेल्या दुसरीकडे, आणि मधोमध आपण, पुस्तकं उघडून. कुठली पट्टी कुठल्या चित्राखालची हे कडेवर हात फिरवून कळेना. शेवटी नाइलाजाने त्यांनी ते केलं जे आजवर टाळलं होतं. वाचायला लागले.

"'आणि छत्रीत बसून तो निघाला,'" काकांनी मोठ्याने वाचलं. "कोण निघाला?"

"बेडूक असेल," काकू ओट्यापासून म्हणाल्या.

"अस्वल का नाही?"

"अहो, अस्वल छत्रीत मावेल का?"

"नदी भरलीये, घाई आहे. बसेल दाटीवाटीने."

काकू हात पुसत आल्या, चित्र पाहिलं, पट्टी हिसकून बेडकाखाली ठेवली. मग उठायच्या विसरल्या. बदकाला पाण्याची भीती वाटते हे वाचून म्हणाल्या, "बदक आहे की तुमची बहीण?" अस्वल सायकलवरून पडलं त्या पानावर दोघंही इतके हसले की शेजारीण दार ठोठावून काय झालं ते विचारून गेली. डाळ लागली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दिवस कलेपर्यंत पट्ट्या जागच्या जागी बसल्या. म्हणजे बहुतेक बसल्या. शेवटच्या काही काकांनी हसत हसत चिकटवल्या, आणि हसणारा हात खळीला चालत नाही.

उरलं एकच पान. गाढवाच्या पुस्तकाचं शेवटचं. हे पुस्तक रद्दीतून वाचनालयात आलेलं, मुखपृष्ठ गायब, नाव-गाव काही नाही. बाईंनी न वाचताच बांधणीला पाठवलेलं. डोंगरापलीकडे काय आहे ते बघायला एक गाढव निघतं. वाटेत सगळे त्याला वेड्यात काढतात. शेवटच्या पानावर गाढव डोंगरमाथ्यावर उभं, आपल्याकडे पाठ करून, कान ताठ. बस. त्याखालची ओळ पोत्यात नव्हती.

काकांनी लेकीला फोन लावला.

"कपबश्यांचं खोकं उघडलंस का?"

"नाही बाबा, माळ्यावर टाकलंय. सुताराने कपाट दिलं की उघडते."

"आत्ता उघड."

"कपबश्यांसाठी?"

"गाढवासाठी."

लेक म्हणाली, "बाबा, आईला फोन द्या."

शनिवारी खोली भरली. अध्यक्ष पाठीमागे हात बांधून भिंतीला टेकले. बाईंनी सायकलवाल्या अस्वलाचं पुस्तक काकांच्या हातात दिलं.

"मी?" काका एक पाऊल मागे सरले.

"कापलंत तुम्ही, चिकटवलंत तुम्ही. काय कुठे लागलंय ते तुम्हालाच ठाऊक. वाचा."

काका वाचायला लागले. आवाज असा, जसं काही गर्दीत हरवलेल्या माणसाचं वर्णन सांगतायत. तरी पोरं ऐकत होती. अस्वलाने सायकल आणली, अस्वल सायकलवर चढलं, आणि पुढच्या पानावर काकांनी खड्या आवाजात वाचलं, "'बदक म्हणालं, मी नाही उतरणार पाण्यात!'"

"नाऽऽही!" सगळी खोली ओरडली.

"काय नाही?"

"ते अस्वल आहे!"

काकांनी चित्राकडे पाहिलं. अस्वलच होतं, हँडलला लटकलेलं. मागे भिंतीशी अध्यक्षांनी भुवई उचलली. बाईंनी डोळे मिटले.

"बदक मागच्या सीटवर बसलंय," काका घाम पुसत म्हणाले. "अस्वलाच्या आड. दिसत नाही."

तेवढ्यात प्रश्नपत्रिका उठली. ही म्हणजे बस चालवणाऱ्याची चार वर्षांची मुलगी. एका गोष्टीत इतके प्रश्न विचारायची की बाईंनीच हे नाव ठेवलं होतं. ती तुरुतुरु पुढे आली आणि तिने पट्टीवर बोट टेकवलं.

"इथे अस्वल लिहिलंच नाहीये."

"तुला गं काय माहीत?"

"अस्वलाचा अ असा असतो." तिने हवेत एक भलामोठा अ काढला, त्यात शेजारच्याच्या नाकाला बोट लागलं. "हा बदकाचा ब आहे. तुम्ही चुकून चिकटवलंय."

"बेडकाचा पण ब असतो," नाक चोळत शेजारचा म्हणाला.

"बेडकाच्या ब वर काठी असते. इथे कुठाय काठी?"

त्यावर दोन पोरं उठून काठी शोधायला आली. एकाने बदकाचं पुस्तक आणलं, पोरं पानं उलटायला लागली आणि पाण्याकाठी थरथरणाऱ्या बदकाखाली अस्वलाचा अ सापडताच अशी आरोळी उठली की खालचे पेपर वाचणारे वर बघायला लागले. "आजोबा, हे धरा," असं म्हणून प्रश्नपत्रिकेने अस्वलाचं पुस्तक अध्यक्षांच्या हातात दिलं. इतकी सगळी डोकी त्या पट्टीवर वाकली होती की त्यांना बघायचं म्हणजे खाली बसणं भाग होतं. ते बसले, पोरांच्या स्टुलावर, गुडघे हनुवटीशी.

"हा अ?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला येत नाही?" प्रश्नपत्रिकेला त्यांची दया आली. "बोट ठेवून बघा. येतं हळूहळू."

मग काकांनी गाढवाचं पुस्तक काढलं. त्यात चूक नव्हती. तिथे काका अगदी आवाज बदलून वाचायला लागले होते. गाढव डोंगरमाथ्यावर पोचलं. काका थांबले. पोरांना वाटलं, बाई थांबतात तसे मुद्दाम थांबले.

"समुद्र!" एक म्हणाला.

"त्याची आई!"

"पलीकडे आणखी एक डोंगर असणार," स्टुलावरून अध्यक्ष म्हणाले. "मी सांगतो तुम्हाला. असंच असतं."

"तुम्ही वाचलंय?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"नाही."

"मग?" तिने काकांकडे मोर्चा वळवला. "काय लिहिलंय ते वाचा ना."

"ती ओळ... प्रवासाला गेलीये," काका म्हणाले. "तू चित्र बघ की. किती छान आहे."

"चित्रात नुसती त्याची पाठ आहे. त्याला काय दिसलं ते अक्षरांना माहीत असतं."

आजवर पुस्तकांना नुसतं बाहेरून ओळखणाऱ्या डिंककाकांनी त्या पाठीकडे पाहिलं. पुठ्ठ्यावर हात फिरवून कळण्यातलं हे प्रकरण नव्हतं.

"पुढच्या शनिवारी आणतो," ते म्हणाले. "शप्पथ."

अध्यक्षांना स्टुलावरून उठवायला दोन माणसं लागली. पँटची इस्त्री पार गेली होती. दारात थांबून ते बाईंना म्हणाले, "टेबलं वरच्या मजल्यावर लावू. इथला आवाज जरा कमी करा. आणि गाढवाचं काही कळलं तर मला सांगा."

तेव्हापासून डिंककाकांचं काम मंदावलंय. कापायच्या आधी ते पुस्तक उघडतात, उघडलं की वाचतात, आणि वाचलं की खळ वाळते. वाचक तक्रार करतात, काका म्हणतात, "थांबा हो, आत कुणी आहे का बघतोय." शनिवारी बाई वाचतात आणि अस्वलाच्या पानाला काकांना बोलावतात. ते पान नीट चिकटवायला पोरांनी सक्त मनाई केली आहे.

लेकीचा सुतार आज येतो, उद्या येतो. खोकं माळ्यावर आहे. काकू फोनवर आधी नातवाची चौकशी करायच्या, आता आधी गाढवाची करतात. आणि गोष्ट संपली की प्रश्नपत्रिका न चुकता जिन्याखालच्या दारात येऊन उभी राहते.

"आली का ओळ?"

"सुतार उद्या येणार आहे."

"म्हणजे गाढव अजून तिथेच उभं आहे?"

"उभं आहे."

ती जरा विचार करते. "पाय दुखत असतील त्याचे."

काका दाभण खाली ठेवतात आणि पुन्हा लेकीचा नंबर फिरवतात.