तात्यासाहेबांचं अपेंडिक्स

आपल्याला जन्मात साधी सर्दीसुद्धा झाली नाही, असं ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यातले तात्यासाहेब सांगत. मंदाताईंच्या मते नवऱ्याला सर्द्या पुष्कळ झाल्या होत्या, त्यांनी त्या मान्य केल्या नव्हत्या, इतकंच. पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले, आपण वीज खात्यातून निवृत्त झालो, तरी छाती तीच, हा तात्यासाहेबांचा दावा. अशा माणसाला नातीसाठी आजारी पडावं लागलं.

नात अवंतिका जॉर्जियात डॉक्टरकी शिकत होती. कोरोना आला, कॉलेज बंद झालं आणि उरलेलं शिक्षण लॅपटॉपमध्ये घालून ती ग्वाल्हेरला परतली. वर्गातली पोरं जगभर पांगली होती. पडद्यावरच्या चौकोनांत कुणी नायजेरियात, कुणी जॉर्डनमध्ये जांभया देत बसलेलं असे. तपासायला पेशंट मिळेना, म्हणून ज्याने त्याने घरातलंच गिऱ्हाईक पकडलं. होस्टेलात अडकलेला एक मुलगा तर उशीवर बेंबी काढून तिचंच पोट तपासायचा. अवंतिकाच्या वाट्याला तात्यासाहेब आले. उशी निदान गप्प तरी राहायची.

प्रॅक्टिकलची परीक्षाही कॅमेऱ्यासमोरच ठरली. त्यात नापास म्हणजे वर्ष गेलं.

"तात्या, तुम्हाला काहीच करायचं नाही," अवंतिकाने बजावलं. "बस चुपचाप लेटून रहा. मी पोट दाबेन, दुखतं का विचारेन, तुम्ही नाही म्हणा. बाकी मैं देख लूंगी."

तात्यासाहेबांनी मान डोलावली, पण मनातून त्यांना हे पटलं नाही. धडधाकट माणूस तपासून पोरीला मार्क कोण देणार? परीक्षेला शोभेल असं दुखणं हवं. रोज तिचे तास कानावर पडून पडून त्यांनी एक दुखणं पसंत करून ठेवलं आणि मंदाताईंनाही पत्ता लागू दिला नाही.

परीक्षेच्या दिवशी ते शिंदेशाही पगडी घालूनच दिवाणावर आडवे झाले. परदेशी बाई घरात येणार, मग ती लॅपटॉपमधून का येईना, तिच्यापुढे बोडक्या डोक्याने पडायचं? सदरा वर करायला त्यांची हरकत नव्हती, पगडी मात्र उतरणार नव्हती. पडद्यावरच्या परीक्षक मॅडमनी पगडीकडे बघून चष्मा नीट केला आणि सुरुवात करायला सांगितलं.

अवंतिकाने पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हात ठेवला मात्र, तात्यासाहेब "अगं आई गं" म्हणून कण्हले. कण्हणं झकास जमलं. पगडीही हलली.

अवंतिकाचा चेहरा उतरला. मॅडम पुढे वाकल्या. आता पोरगी 'अपेंडिक्स' म्हणेल आणि बाजी मारेल, म्हणून तात्यासाहेब कान टवकारून पडून राहिले. ती मात्र त्यांच्या पोटावरच्या जुन्या वणाकडे बघत होती. अपेंडिक्स तिच्या जन्माआधीच काढून टाकलेलं होतं. सर्द्यांप्रमाणे तेही तात्यासाहेबांनी कधी मान्य केलं नव्हतं, म्हणून विसरलेही होते. तिची नजर वणावर गेलेली बघून ते आता आठवलं. खोटं सांगितलं तर पोरगी नापास आणि खरं सांगितलं तर जगासमोर आपली फजिती.

"तात्या," ती गोड आवाजात म्हणाली, "लॉकडाऊन खुलला की सगळ्यात आधी काय खाणार?"

"ही काय विचारायची गोष्ट आहे? दाल बाजारची बेडई. कढईतून निघालेली, टम्म फुगलेली, आत डाळीचं सारण. वर बटाट्याची झणझणीत भाजी..." ते बोलत राहिले आणि ती त्याच जागी खोलवर दाबत राहिली. कण्हायचं ते साफ विसरले.

मग तिने मॅडमना इंग्रजीत सांगितलं, की यांचं अपेंडिक्स काढलेलं आहे, बोलण्यात गुंतले की दुखणं पळतं, आणि खरंच पोट दुखणाऱ्या माणसाला अन्न नकोसं होतं. "हे आजारी नाहीत, माझे आजोबा आहेत."

मॅडम खूप हसल्या. अवंतिका पास झाली. तात्यासाहेब मात्र चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मंदाताईंच्या हाती आयता उपाय आला. भाजी आणायच्या वेळी त्यांचा गुडघा धरला, की त्या नुसतं 'बेडई' म्हणत आणि गुडघा सुटे.

पुढे विमानं सुरू झाली. अवंतिका जॉर्जियाला परत जायच्या सकाळी बॅगा दाराशी, बाहेर टॅक्सी, आणि तात्यासाहेब दिवाणावर पोट धरून पडलेले.

"नाटक आहे," मंदाताई म्हणाल्या. "बेडईचं विचार त्यांना."

अवंतिका हसत त्यांच्याजवळ बसली आणि पोटावर हात ठेवला. "तात्या, गरम बेडई मागवू?"

तात्यासाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "नको," ते म्हणाले. "खावंसं नाही वाटत."

तिचं हसू विरलं. तिने दाबलं नाही, हात तसाच राहू दिला. टॅक्सीवाल्याला जरा थांब म्हणून सांगायला मंदाताई बाहेर गेल्या.