मंजिरी ड्रेस्डेनला गेली

मंजिरी कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की चपला काढायच्या आधी भिंतीवर टकटक करून बघायची. मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला ती आली. मी हळदीकुंकू घेऊन पुढे झाले, तर ही बाई दारातच आमच्या नव्या भिंतीला कान लावून उभी.

"पोकळ आहे," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नको. इथे सगळ्यांच्याच पोकळ असतात."

घराचा पहिला हप्तासुद्धा अजून गेला नव्हता. पुढे तिच्या अशा बोलण्याची सवय झाली. तिने शेवटी जे केलं, त्याची मात्र अजून झालेली नाही.

ती मूळची नागपूरची, आर्किटेक्ट. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका लहानशा ऑफिसात काम करायची. लग्न झालं, शैलेशच्या मागोमाग मिशिगनला आली आणि डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नाही म्हणून घरी बसली. शैलेश माझ्याच टीममध्ये, गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्यांची सई इथेच जन्मली. कुणाला बेसमेंट करून घ्यायचं असलं की मंजिरीला हमखास फोन जायचा, आणि सुरुवात ठरलेली, "तू काय, घरीच असतेस ना?"

"घरीच असते," ती शांतपणे म्हणायची. "घरं हेच माझं शिक्षण आहे. बोला."

रविवारी ती मला आणि सईला गाडीत घालून डेट्रॉइटला न्यायची. लोक तिथे मॅच बघायला जातात, आम्ही बंद पडलेल्या इमारती बघायला. एका जुन्या गोदामाच्या विटांच्या भिंतीवर हात फिरवत ती म्हणाली होती, "हिला आपल्या वजनाची लाज नाही बघ." सई शेजारी एका पायावर उड्या मारत होती. "आई, कॅन वी गेट फ्राइज नाऊ?"

परत येताना मी तिला विचारलं, "घरी बसून कंटाळा नाही येत तुला?"

"कंटाळा नाही, राग येतो. पण रागाला काम दिलं की तो त्रास देत नाही."

काय काम दिलंय, ते मी विचारलं नाही. कपड्यांच्या घड्या घालताना तिच्या कानात कायम इअरफोन असायचे. आम्हाला वाटायचं, गाणी ऐकतेय.

एका जूनमध्ये आमच्याकडे ले-ऑफ झाला. अर्धी टीम गेली, त्यात शैलेशही. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. मी, माझा नवरा अमोल आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. शैलेशने दाढी केली नव्हती. अमोल त्याला रेझ्युमे कोणाकोणाला पाठवायचा ते सांगत होता, सासूबाई "होईल सगळं नीट" म्हणत होत्या. मंजिरीने पोह्यांच्या बश्या आणल्या, प्रत्येकाच्या हातात दिल्या, लिंबाच्या फोडी फिरवल्या आणि मग उभ्याउभ्याच म्हणाली, "मला ॲडमिशन मिळालीय. मास्टर्सला. जर्मनीत, ड्रेस्डेनला. जुन्या इमारती पुन्हा कशा उभ्या करायच्या, ते शिकवतात."

अमोलचा चमचा हवेतच राहिला.

"जर्मन येतं तुला?" मी कसंबसं विचारलं.

"तीन वर्षं घड्या घालतेय ना," ती म्हणाली. मग शैलेशकडे वळली. "या वेळी डिपेंडंट तू हो. चल माझ्याबरोबर."

शैलेश हसला. त्याला वाटलं, त्याचा मूड ठीक करायला बोलतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. "कधी कळलं तुला हे?"

"मेमध्ये."

"म्हणजे ले-ऑफच्या आधी. माझी नोकरी गेली नसती तर?"

"तर एकटी गेले असते. तुला सांगायचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात तुझी नोकरी गेली."

शैलेशने बशी खाली ठेवली आणि तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही. सासूबाईंना मात्र राहवेना. "अगं, लेकराला सोडून जाणार होतीस?"

"काकू, सईचा बाबा वर्षभर टेक्सासच्या प्रोजेक्टवर होता. महिन्यातून एकदा यायचा. त्याला कोणी विचारलं होतं? मग मी काहून थांबू?" रागावली की तिचं नागपूर असं वर यायचं.

जुलैत शैलेशला दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूमध्ये नोकरी मिळाली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी तिला फोन केला. "सुटलीस बाई! आता जर्मनी कॅन्सल केलंस ना?"

"कॅन्सल कशाला? त्याला बेलव्ह्यू, मला ड्रेस्डेन."

"आणि सई?"

"तिची इथली शाळा आता सुटणारच, मग ती येतेय माझ्याबरोबर. तिकडची शाळा बघून ठेवलीय." हे ती अगदी सहज म्हणाली.

पण सईला विचारायचं राहिलं होतं. मी पॅकिंगला मदत करायला गेले होते, तेव्हा मंजिरीने ते विचारलं. सई जमिनीवर बसून खोक्यावर चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आय वॉन्ट टू स्टे विथ बाबा. तू तर स्टडीच करणार ना सारखी."

मंजिरीच्या हातातली टेपची गुंडाळी सुटून घरंगळत गेली. भल्याभल्यांना गप्प करणारी ही बाई खोक्यांच्या मध्ये खालीच बसली. नऊ वर्षांच्या मुलीचं हे उत्तर तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता ही जात नाही.

टेपची गुंडाळी ओढून घेत ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

आणि तरीही ती गेली. सासूबाई तिच्याबद्दल जे बोलल्या, ते मी इथे लिहिणार नाही. शैलेशचे मित्र त्याला फोन करून "यार, वकील बघ" म्हणत होते. तो म्हणायचा, "कशासाठी? ती कॉलेजला चाललीय." त्याने हे मनापासून स्वीकारलं होतं की दुसरा इलाज नव्हता म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. मंजिरी आता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातली मुलं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. डोक्यावर हेल्मेट घालून ती एका चर्चच्या मनोऱ्यावर चढते. सई उन्हाळ्यात तिच्याकडे जाते. परवा मी मंजिरीला फोनवर विचारलं, "सुखी आहेस का गं?" ती म्हणाली, "काम आहे. सईची फार आठवण येते. दोन्हींची बेरीज करायची नाही, असं ठरवलंय."

तिला डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडायला मीच गेले होते. सुट्टी टाकून आलेला शैलेश आणि सई माझ्या गाडीत होते. सिक्युरिटीच्या रांगेपाशी तिने सईची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली, शैलेशच्या खांद्यावर हात ठेवला, मला म्हणाली, "जाते," आणि निघाली. रांग हळूहळू पुढे सरकत होती. आत्ता वळेल, आत्ता हात करेल म्हणून आम्ही तिघं टाचा उंचावून उभे होतो. ती ताठ मानेने, पाय आपटत चालत राहिली. एकदाही मागे वळली नाही. पलीकडे दिसेनाशी झाली.

माझं मन विटून गेलं. मुलीकडे एकदा वळून बघायला काय जात होतं?

सईने माझा हात ओढला.

"मावशी, शी'ज क्रायिंग," ती म्हणाली. "आई रडत असली की अशीच चालते."